पावणेचौदा वर्षांची काळजी



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी एका इंग्रजी कादंबरीचे नाव सांगितले आणि ते थोडे बुचकळ्यात पडले. युनियनच्या माणसाने किमान वेतनावर बोलावे, ग्रॅच्युइटीवर बोलावे, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलावे. पोरासोरांच्या विनोदी पुस्तकाशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो काय आहे हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. माझे इंग्रजी कॉलेजातले नव्हे. कोर्टाचे निकाल आणि मालकांच्या नोटिसा शब्दकोश शेजारी ठेवून वाचता वाचता ते आले. तेव्हा उच्चारांच्या चुका पदरात घ्या आणि मुद्दा तेवढा उचला.

पुस्तकाचे नाव ‘द सीक्रेट डायरी ऑफ एड्रियन मोल, एज्ड थर्टीन अँड थ्री क्वार्टर्स’. लेखिका सू टाउनसेंड. ऑक्टोबर १९८२ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता त्याच्या लाखो प्रती खपल्या. इंग्रजांना जे वय सांगायला अर्धी ओळ लागते, त्याला आपल्या मराठीत एक नेटका शब्द आहे : पावणेचौदा. पण मुद्दा शब्दाचा नाही. आपले वय पावपावाने कोण मोजतो? मोठा माणूस मोजत नाही. ज्याला आहे त्या वयात चैन पडत नाही आणि पुढच्या वयाची धास्ती वाटते, तोच असा हिशेब ठेवतो. पुस्तकाच्या नावातच त्या मुलाचा स्वभाव आला आहे.

कथा रोजनिशीच्या रूपात आहे. १ जानेवारी १९८१ रोजी ती सुरू होते आणि १९८२ च्या एप्रिलच्या आरंभी संपते. इंग्लंडच्या मध्यभागातील एक साधे शहर, त्यातले एक साधे घर. आई, बाप, एकुलता एक मुलगा आणि एक कुत्रा. पहिल्याच दिवशी एड्रियन नव्या वर्षाचे संकल्प लिहितो आणि पहिल्याच दिवशी त्याच्या हनुवटीवर मुरूम उगवतो. तिथून काळजीला जे तोंड लागते ते शेवटपर्यंत मिटत नाही. मुरूम का आला? आईला जीवनसत्त्वांचे ज्ञान नाही म्हणून. घसा दुखतो, टॉन्सिल सुजतात. आपले दुखणे कोणी मनावर घेत नाही याची काळजी. शाळेत बॅरी केंट नावाचा दांडगा मुलगा पैसे उकळतो, त्याची काळजी. पँडोरा नावाच्या मुलीवर जीव जडला आहे, ती बघेल की नाही याची काळजी. आपण मोठे विचारवंत आहोत आणि जगाला अजून पत्ता नाही, याचीही काळजी. तो कविता करून बी.बी.सी.कडे पाठवतो, आणि तिथून सभ्य नकाराची पत्रे येतात. आपल्या शरीराची मापे घेऊन तीही नोंदवून ठेवतो.

वाचणारा हसत सुटतो. पण का हसतो, हे पाहिले पाहिजे. एड्रियन एकही विनोद करीत नाही. तो अत्यंत गंभीर मुलगा आहे. हसू येते ते याचे, की तो जे लिहितो त्यापेक्षा आपल्याला जास्त दिसते. चि. वि. जोशी यांच्या चिमणरावावर वाढलेल्या मराठी वाचकाला ही गंमत निराळी समजावून सांगायला नको. चिमणराव आपली फजिती सरळ मनाने सांगत जातो आणि आपले हसे होत आहे हे त्याच्या गावीही नसते. एड्रियन त्याच जातीचा. फरक एवढाच, की चिमणराव संसारी गृहस्थ आहे आणि हे पोर आहे. संसारी माणसाला न दिसलेली गोष्ट हास्याची होते. पोराला न दिसलेली गोष्ट हास्याची तर होतेच, पण हसून झाल्यावर घशाशी येते.

कारण त्याला काय दिसत नाही ते पाहा. शेजारी विमा कंपनीतला एक गृहस्थ राहतो आणि त्याचे आपल्या घरी येणे-जाणे वाढले आहे, हे एड्रियन इमानेइतबारे टिपून ठेवतो; त्याचा अर्थ मात्र त्याला लागत नाही. वाचकाला तो दहाव्या पानापासून लागलेला असतो. पुढे आई त्या गृहस्थाबरोबर शेफील्डला निघून जाते. बाप विजेवरचे हीटर विकण्याच्या नोकरीत असतो. ती नोकरी जाते. मग तो दाढी न करता घरात बसून राहतो. घरातली शिस्त सुटते, जेवणाचे हाल होतात, बिले थकतात. हे सगळे रोजनिशीत येते, पण कोपऱ्यातून येते. पानाच्या मध्यभागी असतो तो मुरूम.

या ठिकाणी मला टाउनसेंडबाईंची समज फार मोठी वाटते. काळजीचा हाच धर्म आहे. खरी धास्ती इतकी मोठी असते की ती पोराच्या हातात मावत नाही. आई परत येईल का, बापाला काम लागेल का, या प्रश्नांना ते काय करणार? म्हणून मन एक लहानशी वस्तू शोधते, हातात धरता येईल अशी, आणि सारी धास्ती तिच्यावर नेऊन ठेवते. मुरूम मोजता येतो. टॉन्सिल आरशात पाहता येतात. आपल्याला वाटते पोरगे नसत्या गोष्टींचा बाऊ करते. ते नसत्या गोष्टींचा बाऊ करीत नसते. असत्या गोष्टीला दुसरे नाव देत असते.

सगळ्या पुस्तकात मला एक नोंद विसरता येत नाही. टेलिफोनचे बिल येते. रक्कम भयंकर असते, आणि तीत या चिरंजीवांच्या बोलण्याचाही वाटा असतो. एड्रियन ते बिल आपल्या गादीखाली लपवून ठेवतो. बस, एवढेच. वाचताना आपण हसतो, कारण बिल लपवल्याने देणे बुडत नाही हे आपल्याला ठाऊक असते. पण तो मुलगा त्या रात्री कशावर झोपला, हे मनात येताच हसू थांबते.

ते पुस्तक मला हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर मिळाले तेव्हा मी तिशीच्या आसपास होतो. ही नोंद वाचली आणि पुस्तक मिटून ठेवले. कारण तसे बिल मीही लपवले होते.

१९८२ साली मी गिरणगावात सातवीत शिकत होतो. त्या वर्षी जानेवारीत ब्रिटनमधील बेकारांचा आकडा तीस लाखांच्या पुढे गेला. आणि त्याच जानेवारीच्या १८ तारखेला मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. दोन्हींची कारणे निराळी. तिथे बेकारभत्ता होता, इथे गावाकडचा भात आणि वाण्याची उधारी. तुलना मी तिथवर नेत नाही. पण दोन्हीकडे एकच गोष्ट घडली : जो बाप सकाळी कामावर जात असे तो दिवसा घरात दिसू लागला, आणि पोरांना कोणी काही सांगेना.

माझे वडील साचेखात्यात होते. संपाच्या पहिल्या महिन्यात घरात उत्साह होता, दुसऱ्यात हिशेब होता आणि नंतर शांतता होती. आईवडील आम्ही झोपल्यावर बोलत. दहा बाय बाराच्या खोलीत कोण झोपते? शाळेतून टर्म फीची चिठ्ठी मिळाली. ती मी घरी दिलीच नाही. भूगोलाच्या पुस्तकाला घातलेल्या खाकी कव्हराच्या आत सरकवून ठेवली. त्यानंतर मला एक नवे दुखणे जडले. आपले हृदय बिघडले आहे अशी माझी खात्री झाली. रात्री मनगट धरून नाडी मोजायची, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. शाळेत निघताना पोटात गोळा येई, हातापायांना घाम सुटे. भूगोलाच्या तासाला तर उठून बाहेर पळावेसे वाटे. त्याचे कारण आज मला सरळ दिसते. तेव्हा दिसत नव्हते.

आईने शेवटी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छाती तपासली, हृदय ठणठणीत आहे म्हणाले, आणि वडील काय करतात ते विचारले. आई म्हणाली, “गिरणीत. संपावर आहेत.” मग त्यांनी मला बाहेर बसवले आणि आईशी थोडा वेळ बोलले. काय बोलले ते आईने कधी सांगितले नाही. पण त्या रात्री जेवणे झाल्यावर तिने मला जवळ बसवून सगळे आकडे सांगितले. वाण्याचे इतके देणे आहे, मामा तांदूळ पाठवणार आहे, एवढे दागिने आहेत, दिवाळीपर्यंत असे निभावेल, पुढचे माहीत नाही. एकही गोष्ट धीराची नव्हती. तरी त्या रात्री मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कव्हरातली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिने ती वाचली आणि म्हणाली, “एवढंच?”

आता थोडे शास्त्र सांगतो. तेही वाचूनच शिकलो आहे. भीती ही शरीराची धोक्याची घंटा आहे. संकट समोर दिसले की अॅड्रेनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते, हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. पळावे किंवा लढावे, त्यासाठी ही तयारी. समोर बैल आला तर ती उपयोगाची आहे. पण संकट जेव्हा थकलेल्या बिलाचे असते, परीक्षेचे असते, आईबापांच्या अबोल्याचे असते, तेव्हा पळायला वाट नसते आणि लढायला समोर कोणी नसते. घंटा मात्र वाजतच राहते. मग मुलाला त्या घंटेचीच भीती वाटू लागते. पोटातला गोळा हा रोग वाटतो, छातीची धडधड हा झटका वाटतो. त्या भीतीने धडधड आणखी वाढते. हे चक्र पुष्कळ दिवस चालले, झोप, जेवण आणि शाळा त्यात बुडू लागली, म्हणजे ती नुसती काळजी राहत नाही. तो आजार होतो, आणि त्याला उपचार आहेत.

एड्रियनला कोणी डॉक्टर असे नाव देत नाही. पुस्तकात चिंताविकार हा शब्द शोधून उपयोग नाही. त्या काळच्या बहुतेक मुलांप्रमाणे तोही नाव न मिळालेल्या काळजीसह जगतो. म्हणूनच, मला वाटते, इतक्या मुलांना तो आपला वाटला. त्यांना रोगी ठरवून घ्यायचे नव्हते. आपल्यासारखे दुसरे कोणी आहे एवढेच कळायला हवे होते.

हे लिहिणाऱ्या बाईंना ते कुठून कळले? सू टाउनसेंड यांचा जन्म १९४६ साली लेस्टर शहरात झाला. वडील पोस्टमन. आठ वर्षांची होईपर्यंत या मुलीला वाचता येत नव्हते. आजारपणात घरी असताना आईने आणून दिलेल्या रिचमल क्रॉम्प्टन यांच्या विल्यमच्या विनोदी गोष्टींवर ती वाचायला शिकली. अकराव्या वर्षीच्या निवड परीक्षेत ती नापास झाली, आणि पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर शाळा सुटली. मग पेट्रोल पंपावर काम, कारखान्यात काम, अठराव्या वर्षी लग्न, तीन मुले आणि घटस्फोट. घरात पैसा संपला की मुलांच्या पोटात काय घालायचे याचा अनुभव त्यांनी घेतला होता आणि पुढे कल्याणकारी राज्याची बाजू मांडणाऱ्या १९८९ च्या एका पुस्तिकेत तो लिहिलाही. सुमारे वीस वर्षे त्या मुले झोपल्यावर चोरून लिहीत होत्या. एका रविवारी थोरल्या मुलाने विचारले, की इतर घरांतल्यासारखे आपण सफारी पार्क पाहायला का जात नाही? त्या तक्रारीच्या सुरातून एड्रियनचा आवाज त्यांना सापडला, असे त्यांनीच सांगितले आहे. प्रथम तो १९८२ च्या जानेवारीत बी.बी.सी. रेडिओवर ऐकू आला, तेव्हा त्याचे नाव नायजेल होते. वर्ष संपण्याआधी तो पुस्तकात आला आणि एड्रियन झाला.

त्या मुलाच्या प्रश्नात थट्टा करण्यासारखे पुष्कळ होते, आणि आईला लागण्यासारखेही पुष्कळ होते. बाईंनी दोन्ही ठेवले. त्यांचा विनोद एड्रियनच्या भीतीला हसत नाही, त्याच्या ऐटीला हसतो. हा भेद ज्यांना कळत नाही त्यांनी घाबरलेल्या मुलासमोर विनोद करू नये. “अरे, एवढ्याला काय घाबरतोस, भित्री भागूबाई!” असे म्हणणारा काका प्रत्येक घरात असतो. त्याला वाटते आपण धीर देत आहोत. पोरगे त्यातून एवढेच शिकते, की पुन्हा सांगायचे नाही.

मग पुस्तकात एड्रियनला आधार कशाचा मिळतो? मला दोन ठिकाणी दिसतो. पहिला बर्ट बॅक्स्टरचा. शाळेच्या सेवामंडळातर्फे एड्रियनकडे एक म्हातारा सोपवला जातो. वय एकोणनव्वद, मताने कम्युनिस्ट, घर गलिच्छ, कुत्रा भयंकर, आणि खाणे बीटच्या कापांचे सँडविच. एड्रियनला तिथे जाणे मुळीच आवडत नाही. तरी तो जातो, कुरकुरत घर आवरतो. ज्या मुलाकडे घरात कोणी बघत नाही, त्याची वाट बघणारे एक माणूस तिथे असते. उपकार कोण कोणावर करते, हे लेखिका सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही.

दुसरा आधार लाल मोज्यांचा. शाळेचा नियम काळे मोजे घालण्याचा. एड्रियन एके दिवशी लाल घालून जातो. मुख्याध्यापक खवळतात, त्याला घरी पाठवतात. मग पँडोरा पुढाकार घेते आणि मुलांची एक तुकडीच्या तुकडी लाल मोजे घालून शाळेत हजर होते. लेस्टर हे मोजे विणण्याच्या धंद्याचे जुने शहर आहे हे लक्षात घेतले, म्हणजे गंमत आणखी वाढते. लढ्याचा शेवट मात्र आमच्या कितीतरी लढ्यांसारखा होतो : वरून काळे मोजे, आतून लाल. बूट आवळतात, पण तत्त्व राहते. पस्तीस वर्षे वाटाघाटींच्या टेबलावर बसलेला माणूस म्हणून सांगतो, असा करार मी अनेकदा केला आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण त्या प्रसंगातली मला दिसलेली गोष्ट वेगळी आहे. एकटा असताना हा मुलगा आरशासमोर उभा राहून आपल्यात काय बिघडले आहे ते शोधतो. चार जणांबरोबर उभा राहिला की तो पहिल्यांदा आरशाकडे पाठ करून नियमाकडे बघतो.

आता माझ्याच विरुद्ध एक आक्षेप घेतो, म्हणजे तो तुम्हाला घ्यावा लागणार नाही. आमच्या चळवळीतल्या माणसांना एक खोड असते : प्रत्येक दुखण्याचे मूळ पगारपत्रकात शोधायचे. ते खरे नाही. खाऊन-पिऊन सुखी घरातली मुलेही रात्ररात्र जागतात. पगार वेळेवर येणाऱ्या घरात मार्कांची धास्ती असते, आईबापांतील बेबनावाची असते, आणि काहींना कोणतेही कारण सापडत नाही. तो स्वभाव आणि ते शरीर घेऊनच ती जन्मलेली असतात. आईने आकडे सांगितले आणि माझी झोप परत आली, म्हणून प्रत्येकाची येईल असे नाही. चाळीतला माझा एक मित्र त्याच वर्षी शाळा सोडून बसला. त्याची भीती कोणत्याही आकड्याने गेली नाही. त्याला उपचारांची गरज होती. आम्ही त्याला आळशी म्हणालो. त्यात मीही होतो.

आज एवढे तरी झाले आहे, की विचारायला जागा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा चालू आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक घरात गॅस सिलिंडरचा क्रमांक लिहितो तिथे लिहून ठेवावा. लिहिताना मुलाने पाहिले तर उत्तमच. या घरात ही गोष्ट बोलता येते, एवढे त्याला न सांगता कळेल.

कादंबरीच्या शेवटी एड्रियन सुधारलेला नसतो. प्रयोग म्हणून गोंद हुंगायला जातो आणि नाकाला खेळण्यातले विमान चिकटवून घेतो. काळजी तीच, ऐट तीच. वय मात्र पंधरा झालेले असते, आणि सव्वा वर्षाची रोजनिशी भरलेली असते. ज्या गोष्टी तोंडाने कोणाजवळ बोलला नाही त्या त्याने निदान वहीजवळ बोलल्या. ती वही हजारो मैलांवरच्या एका गिरणी कामगाराच्या मुलाने दहा रुपयांना विकत घेतली आणि आपले खाकी कव्हर त्याला आठवले.

मंडळी, आपण आता घरी जाल. मुले अभ्यासाला बसलेली असतील किंवा तसे दाखवत असतील. घरात काही ओढाताण चालली असेल तर ती त्यांना माहीत आहे, हे धरून चाला. फक्त तिचा आकडा त्यांना माहीत नाही, आणि माहीत नसलेला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असतो. तो सांगा. आणि गादी झटकताना एखादा कागद हाती लागला, तर रागावण्याआधी माझ्या आईने म्हटला तो एक शब्द म्हणून पाहा.